होळीच्या दिवशी आमचा पुरीम

इस्रायलआळी | १० मार्च २०२५, रात्री ९.४०

मागे सणावारांच्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की बेने इस्रायली, म्हणजे आम्हा कोकणातल्या मराठी यहुदी लोकांचे सण कोणते. मी "सवडीने लिहीन" म्हटलं आणि ते राहूनच गेलं. येत्या गुरुवारी संध्याकाळी इकडे होळी पेटेल त्याच वेळी आमचा पुरीम सुरू होतोय, तेव्हा आता लिहितेच.

माझी आजी अलिबागची. 'पुरीम' हा शब्द तिला माहीत होता, पण तोंडात कायम 'होळीचा सण'. कोकणात आमच्या सगळ्याच सणांना अशी मराठी नावं होती. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दरफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घ्यायची आणि उपास करायचा. तिशा बआव हा शोकाचा दिवस, तो बिरड्याचा सण. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ साली बेने इस्रायलांचा इतिहास लिहून पुरा केला, त्यात ही नावं सापडतात. पुरीमला होळीचं नाव मिळालं ते तिथीमुळे. अदार महिन्याची चौदावी तिथी म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावरच येते, आणि शेजारीपाजारी तेव्हा शिमग्याच्या धामधुमीत असायचे.

सणामागची गोष्ट बायबलमधल्या 'एस्तेर'च्या पुस्तकात आहे. पुष्कळांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. इराणचा राजा अहश्वेरोश, राजधानी शूशन. पहिल्याच ओळीत त्याच्या राज्याची हद्द दिलीय: होदूपासून कूशपर्यंत, १२७ प्रांत. होदू म्हणजे हिंदुस्थान. मी लहान असताना पुरीमला हे पुस्तक वाचलं जायचं तेव्हा बाबांच्या शेजारी बसायचे. ती ओळ आली की बाबा छापील पुस्तकातल्या 'होदू'वर बोट ठेवायचे आणि कानात म्हणायचे, "हे बघ, इथे आपण." पुढे राजवाड्यातल्या पडद्यांचं वर्णन येतं, त्यात 'कर्पस' असा शब्द आहे. तो आपलाच कर्पास, म्हणजे कापूस. इराणमार्गे तिकडे पोचलेला.

या राजाचा प्रधान हामान. मर्दखय नावाचा एक यहुदी त्याच्यापुढे वाकत नाही, एवढ्या रागावरून हा राज्यातले सगळे यहुदी संपवायचे ठरवतो. त्यासाठी खजिन्यात दहा हजार तालांत (वजनाचं जुनं माप) चांदी भरायला निघतो. दिवस कुठला धरायचा यासाठी चिठ्ठ्या टाकतो, आणि चिठ्ठी निघते ती अदारच्या तेराव्या तिथीची. चिठ्ठीला जुन्या भाषेत 'पूर', त्यावरून पुरीम. ज्या चिठ्ठीने आपल्या मरणाचा दिवस ठरला तिचंच नाव आम्ही आमच्या सगळ्यात आनंदाच्या सणाला दिलंय. हे लहानपणी मला काही केल्या समजायचं नाही.

राणी एस्तेर ही मर्दखयची चुलतबहीण. आईबाप नाहीत, त्यानेच वाढवलेली. ती यहुदी आहे हे राजाला ठाऊक नाही. न बोलावता राजासमोर जाणाऱ्याला मरणाची शिक्षा, तरीही तीन दिवस उपास करून ती जाते. राजाला आणि हामानाला जेवायला बोलावते, आणि पहिल्या जेवणात काहीच न मागता दुसऱ्या दिवशी परत या म्हणते. मधल्या रात्री राजाला झोप लागत नाही. वेळ जावा म्हणून तो दप्तर वाचायला लावतो. मर्दखयने कधीकाळी राजाचा जीव वाचवला होता आणि त्याला त्याचं काहीच मिळालं नव्हतं, हे त्या रात्री बाहेर येतं. तिथून सगळं फिरतं. मर्दखयसाठी उभारलेल्या पन्नास हात उंच खांबावर हामानच टांगला जातो.

सबंध पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. समुद्र दुभंगत नाही, आकाशातून आग उतरत नाही. एका माणसाला झोप येत नाही आणि एक घाबरलेली मुलगी दार उघडून आत जाते, एवढंच घडतं. म्हणून मला हे पुस्तक इतर सगळ्यांपेक्षा जवळचं वाटतं. आमचे रब्बी, म्हणजे धर्मपंडित, 'एस्तेर' या नावात 'हेस्तेर' म्हणजे लपणं हा शब्द ऐकतात. पुरीमला मुलं वेगवेगळी सोंगं घेतात, तोंडाला मुखवटे लावतात, त्याचा अर्थही तिथेच शोधतात.

आता सणाला करायचं काय? चार गोष्टी. मेगिल्ला, म्हणजे एस्तेरची गुंडाळी, रात्री एकदा आणि सकाळी एकदा ऐकायची. निदान एकाच्या घरी दोन प्रकारचे तयार खाद्यपदार्थ पाठवायचे. निदान दोन गरिबांना दान द्यायचं. आणि दिवसा मेजवानी करायची. यातलं बाहेरच्यांना दिसतं ते पहिलं आणि शेवटचं. सण उभा राहतो तो मधल्या दोन गोष्टींवर, असं मी मानते.

वाचनात हामानाचं नाव ५४ वेळा येतं. प्रत्येक वेळी खुळखुळे, करकरे, पायांचा दणदणाट. आम्ही चपलेच्या तळव्यावर खडूने हामानाचं नाव लिहून ते फरशीवर घासायचो. वाचणारा थांबतो, आवाज विरला की पुढचा शब्द घेतो, कारण प्रत्येक शब्द प्रत्येकाच्या कानावर पडायला हवा असा नियम आहे. हामानाच्या दहा मुलांची नावं मात्र एका दमात म्हणायची. आणि गुंडाळी तोराहसारखी, म्हणजे आमच्या मुख्य धर्मग्रंथासारखी, दोन्ही बाजूंनी गुंडाळत न नेता पत्रासारख्या घड्या घालून ठेवायची, कारण एस्तेर आणि मर्दखय यांनी ती पत्र म्हणून सगळ्या प्रांतांत धाडली होती.

आजीचं मुख्य काम ताटांचं. पितळेची सहा ताटं होती, काठाला तिने खिळ्याने ठोकून खूण केलेली. त्यात पुरणपोळ्या, खोबऱ्याच्या वड्या, एक-दोन केळी, आणि वर क्रोशाचा रुमाल. ताटं आम्ही पोरांनी पोचवायची. एक ताट आळीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या एका म्हातारबाबांकडे जायचं, आणि ते सगळ्यात आधी. मी एकदा मैत्रिणीचं घर वाटेत म्हणून तिचं ताट आधी दिलं. आजीने मला पायरीवर बसवलं आणि म्हणाली, "तिच्या घरी पाच माणसं वाट बघतायत. त्याच्या घरी तो एकटा."

---

कुलाबाकिल्ला | १० मार्च, रात्री १०.२५

काय लिहिलंय ताई! मी अलिबागचाच. आमच्या घरी यायची ती ताटं. क्रोशाचा रुमाल वाचला आणि क्षणभर आमच्या पडवीत जाऊन आलो. ताट रिकामं परत करायचं नाही म्हणून आई त्यात नारळ आणि गुळाचा खडा ठेवायची.

आमचे आजोबा तुमच्या लोकांना 'शनवार तेली' म्हणायचे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून. मागेन आबोथच्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनास्थळाच्या, फाटकापाशी आम्ही क्रिकेट खेळायचो.

तुम्ही म्हणता होळीशी संबंध फक्त तिथीचा. पण आवाजाचं काय? आम्ही शिमग्याला होळीभोवती तोंडावर हात मारून बोंबा ठोकतो, तुम्ही हामानाच्या नावाने पाय आपटता. वाईटाला गावासमोर ओरडून घालवायचं, ही गोष्ट एकच नाही का?

---

इस्रायलआळी | १० मार्च, रात्री १०.५०

@कुलाबाकिल्ला, नारळ आणि गूळ! आजी त्या नारळाची वाट बघायची. अगदी खरं.

आवाजाचं तुम्ही म्हणता ते मनाला पटतं. पण एक दुसऱ्यातून आलं असं मी म्हणणार नाही, कारण हामानाच्या नावावर दणदणाट करण्याची चाल ज्यांनी शिमगा कधी पाहिला नाही अशा युरोपातल्या यहुद्यांतही जुनी आहे. अमालेकाची, म्हणजे आमच्या जुन्या वैऱ्याची, आठवण पुसून टाका अशी तोराहमध्ये आज्ञा आहे, आणि हामान त्याच कुळातला धरतात. पुरीमच्या आधीच्या शनिवारी तोच उतारा वाचतात. नाव चपलेखाली घासायचं ते त्यामुळे. माणसं सगळीकडे सारखीच म्हणून चाली जुळतात, असं मला वाटतं.

---

मनगटावरचा_धागा | १० मार्च, रात्री ११.०५

वाचतेय. बायकांनी मेगिल्ला ऐकायची असते का?

---

इस्रायलआळी | १० मार्च, रात्री ११.१२

हो, आणि पुरुषांइतकीच सक्तीने. वेळेशी बांधलेल्या पुष्कळ आज्ञांतून बायकांना सूट आहे, पण इथे नाही. 'त्या चमत्कारात त्याही होत्या' असं तालमूद, म्हणजे आमचा धर्मनियमांच्या चर्चेचा जुना ग्रंथ, कारण देतो. आजीला हिब्रू येत नव्हतं. ती मराठी एस्तेर मांडीवर उघडून बसायची आणि वाचणारा कुठवर आला ते नावांवरून ओळखायची. माझ्या डोळ्यांसमोर तिचं पानावरून सरकणारं बोट अजून आहे.

---

पंचांगप्रेमी | ११ मार्च, सकाळी ७.३०

तिथीच्या मुद्द्यावर थोडं लिहितो, कारण यातली गंमत आपल्या पंचांगात वाढलेल्या माणसाला पटकन कळेल.

यहुदी महिनेही चांद्र. अमावस्येनंतर महिना लागतो आणि तिथी सूर्यास्ताला बदलते. बारा चांद्रमासांचं वर्ष ऋतूंपेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान पडतं, म्हणून त्यांनाही अधिकमास घ्यावा लागतो. १९ वर्षांत ७. आपलंही प्रमाण जवळजवळ तेच. फरक एवढाच की आपला अधिकमास सूर्याच्या संक्रांतीवर ठरतो, त्यामुळे कधी अधिक श्रावण, कधी अधिक अश्विन. त्यांचा मात्र ठरलेला: दर वेळी अदारच दोनदा. पेसाह हा त्यांचा मोठा सण वसंतातच यायला हवा आणि त्याचा महिना निसान अदारनंतर लगेच येतो, म्हणून त्याच्या आधी महिना घुसवायचा. पुरीम दुसऱ्या अदारमध्ये.

त्यामुळे बहुतेक वर्षी पुरीम आणि होळी जोडीने येतात. २०२३, २०२४ आणि यंदाही तसंच. २०२१ ला मात्र चुकामूक झाली: पुरीम २६ फेब्रुवारीला, होळी २८ मार्चला. आपल्याकडे २०२० मध्ये अधिक अश्विन येऊन गेला होता, त्यांनी अजून अधिक महिना घेतलेला नव्हता.

---

कुलाबाकिल्ला | ११ मार्च, सकाळी ८.०२

@पंचांगप्रेमी, सुरेख. हे कुठेच एवढं सोपं करून वाचलं नव्हतं.

---

प्रश्नचिन्ह | ११ मार्च, दुपारी १.१५

लेख आवडला. पण दोन गोष्टी विचारल्याशिवाय राहवत नाही. मी हे पुस्तक वाचलंय. शेवटी यहुदी लोक ७५,००० माणसं मारतात असं त्यात आहे. मग हा निर्मळ आनंदाचा सण कसा? आणि दुसरं, पुरीमला भान जाईपर्यंत पिण्याची आज्ञा आहे असं ऐकलंय. धर्मच सांगतो प्या म्हणून?

---

इस्रायलआळी | ११ मार्च, दुपारी ३.४०

@प्रश्नचिन्ह, बरं झालं विचारलंत. ही पानं आम्हीही दर वर्षी ऐकतो आणि ती सहज घशाखाली उतरत नाहीत.

राजाच्या मोहोरेचा हुकूम मागे घेता येत नाही, असा तिथला कायदा. म्हणून हामान मेला तरी तेरा अदारला यहुद्यांना मारा हा हुकूम तसाच राहतो. राजा फक्त दुसरा हुकूम काढू देतो की त्यांनी एकत्र जमून आपला जीव वाचवावा. लढाई होते ती त्यातून. लूट घ्यायची मुभा त्या हुकुमात होती, आणि पुस्तक तीनदा सांगतं की त्यांनी लुटीला हात लावला नाही. तरीही आकडा मोठाच आहे, आणि तो ऐकताना आनंद वाटावा असं मला कुणी शिकवलं नाही. तारीख बघा: लढाई तेराला झाली, सण चौदाला आहे. लढाई थांबून माणसं घरी बसली, त्या दिवसाचा सण. तेराला आमचा उपास असतो, एस्तेरचा उपास.

आणखी एक. मोठ्या सणांना आम्ही हालेल ही स्तोत्रं गातो, पुरीमला गात नाही. तालमूदमधलं एक कारण असं की त्या दिवसानंतरही आपण अहश्वेरोशाचे बंदेच राहिलो. म्हणजे सुटका झाली, तीही अर्धीच, आणि हे विसरायचं नाही.

पिण्याबद्दल. 'शापित हामान आणि धन्य मर्दखय यातला फरक कळेनासा होईपर्यंत' हे तालमूदमधल्या रावा यांचं वचन, बरोबर. पण लगेच खालच्याच ओळीत गोष्ट आहे. रब्बा आणि रब्बी झेरा हे दोन पंडित एकत्र पुरीमला बसले. रब्बा इतके प्याले की उठून रब्बी झेरांचा गळाच कापला. शुद्धीवर आल्यावर प्रार्थना करून त्यांना जिवंत केलं. पुढच्या वर्षी रब्बांनी परत बोलावलं, तर रब्बी झेरा म्हणाले, "दर वेळी चमत्कार होतोच असं नाही." ज्याने ही गोष्ट तिथे ठेवली त्याला काय सांगायचं होतं ते उघड आहे. कितीतरी पंडितांनी पुढे म्हटलंय की रोजच्यापेक्षा थोडी जास्त घ्यावी आणि झोपावं, झोपेत फरक कळत नाहीच.

आमच्या घरी तर किद्दूशलाही, म्हणजे पेल्यावरच्या आशीर्वादालाही, काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेलं सरबत असायचं, कोकणातल्या चालीप्रमाणे. पुरीमलाही तेच, फक्त पेला मोठा.

---

प्रश्नचिन्ह | ११ मार्च, संध्याकाळी ६.०५

तेराला उपास आणि चौदाला सण, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आभार. परत वाचतो.

---

डोंगरावरचं_घर | ११ मार्च, रात्री ११.३०

शालोम सगळ्यांना. मी जेरुसलेमहून. माहेर पनवेल, इथे येऊन तीस वर्षं झाली. इतकं मराठी एका दमात वाचलं की डोळे भरून आले.

आमच्या गावाची एक गोष्ट सांगते. जगभर पुरीम चौदाला, जेरुसलेममध्ये पंधराला. शूशनमध्ये लढाई एक दिवस जास्त चालली म्हणून तिथल्यांनी पंधराला विसावा घेतला. बायबलमधल्या यहोशवाच्या काळापासून ज्या शहरांना तट होता त्यांनी शूशनसारखं पंधराला करायचं, असं ठरलं. खरं तर तट होता की नाही हे शूशनच्या त्या लढाईच्या काळावरून बघायला हवं होतं, पण तेव्हा जेरुसलेम उद्ध्वस्त पडलेलं. म्हणून हिशोब यहोशवाच्या काळापर्यंत मागे नेला, अशी समजूत आहे. पडक्या गावाचा मान राखायला केलेली ही तजवीज मला फार भावते.

आणि यंदा तर पंधरा अदार शनिवारी! शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, मेगिल्ला वाचत नाहीत, कुणी गुंडाळी हातात घेऊन रस्त्याने जाईल म्हणून. मग आमचा सण तीन दिवसांत वाटला जातो. मेगिल्ला आणि गरिबांचा वाटा शुक्रवारी. प्रार्थनेतला पुरीमचा उतारा शनिवारी. ताटं आणि मेजवानी रविवारी. इथे त्याला 'तिहेरी पुरीम' म्हणतात. माझ्या नातवाला तीन दिवस तीन सोंगं घ्यायची आहेत.

---

पाटावरवंटा | १२ मार्च, सकाळी १०.१०

मी खाण्याच्या वाटेने आले. इस्रायलआळी, तुमच्या पुरणपोळीला तूप की तेल? आणि ते त्रिकोणी बिस्किट असतं ना पुरीमचं, ते तुम्ही करता का?

---

इस्रायलआळी | १२ मार्च, सकाळी ११.४५

तेल. मेजवानीला मटण असतं आणि मटणासोबत दूध-तूप आम्हाला चालत नाही. म्हणून कोकणातल्या आमच्या सगळ्या गोडात नारळाचं दूध किंवा तेल. पोळी तेलावर भाजायची, खाताना वर नारळाचं दूध. तुपाची सवय असलेल्याला पहिला घास वेगळा लागेल, दुसऱ्याला रुळते.

त्रिकोणी म्हणजे ओझ्ने हामान, हामानाचे कान. ते युरोपातल्या यहुद्यांचे, आत खसखस भरतात. आमच्या घरी नव्हते. @डोंगरावरचं_घर करत असतील.

---

डोंगरावरचं_घर | १२ मार्च, दुपारी ३.२०

करते, पण आत पुरण! शेजारीण पोलंडकडची, तिने आकार शिकवला. सारण माझ्या आईचं.

पुरण नेहमीपेक्षा घट्ट हवं. पातेल्यात डाव उभा राहिला की गॅस बंद. वेलदोडा, जायफळ नेहमीसारखंच. पारीला मैदा, साखर, तेल, एक अंडं आणि संत्र्याचा रस. लाटून वाटीने गोल पाडायचे, मधे सुपारीएवढं पुरण. मग तीन बाजूंनी कडा उचलून कोपरे दाबायचे. जास्त भरलं की भट्टीत उघडतात. माझे पहिल्या वर्षी सगळे उघडले. तेव्हापासून ताट वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवते आणि मगच भाजते, १८० अंशावर, कडा तांबूस होईपर्यंत. करंजी करता येते त्याला हे अवघड नाही, चिमटीची सवय असतेच.

---

पाटावरवंटा | १२ मार्च, दुपारी ४.००

होळीला पुरण असणारच. यंदा थोडं बाजूला काढून हे करणार.

---

मनगटावरचा_धागा | १२ मार्च, रात्री ९.२०

मला राहून राहून ते आधी द्यायचं ताट आठवतंय. दानाचं असं काही नियमात लिहिलंय का, की आजींचं स्वतःचं होतं?

---

इस्रायलआळी | १२ मार्च, रात्री १०.३५

आजीने काही वाचलेलं नव्हतं. पण वाचलेल्यांनी तेच लिहून ठेवलंय. रामबाम, म्हणजे बाराव्या शतकातले मैमोनिदीस, आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात सांगतात की मेजवानी वाढवण्यापेक्षा आणि मित्रांची ताटं वाढवण्यापेक्षा गरिबांचा वाटा वाढवावा. गरीब, पोरके, विधवा आणि परके यांचं मन हलकं करण्याहून मोठा आनंद नाही, असं ते म्हणतात. परके हा शब्द त्यांनी त्यात मुद्दाम घातलाय. कैरोत राहिलेला, स्पेनमधून परागंदा झालेल्या घरातला माणूस.

आणखी एक नियम माझा फार आवडता आहे. पुरीमला जो हात पुढे करेल त्याला द्यायचं, चौकशी करायची नाही. खरा गरजू कोण हे त्या दिवशी तपासायचं नाही. त्यातही दोन प्रकारचं देणं वेगळं ठेवलंय. ताट मित्राला, बरोबरीच्याला, नातं घट्ट व्हावं म्हणून. पैसे किंवा अन्न गरिबाला, त्याचीही मेजवानी व्हावी म्हणून. आजीने त्या म्हातारबाबांना दान दिलं नाही, ताट पाठवलं. रुमाल घालून, इतरांसारखंच. ते ताट घेताना त्यांना मान खाली घालावी लागली नाही. हे मला नियम वाचल्यावर चाळिशीत कळलं.

शेजारच्या हिंदू घरांना जायची ती ताटं नियमातली नव्हेत, शेजारधर्माची. आजीच्या मोजणीत मात्र सहाच्या सहा एकत्र.

---

पंचांगप्रेमी | १३ मार्च, सकाळी ६.५०

आज उपास ना तुमचा? रात्री चांदण्या दिसल्या की सुटेल. आमची होळीही तेव्हाच पेटेल. शुभेच्छा, ताई.

---

इस्रायलआळी | १४ मार्च, दुपारी ४.३०

काल मेगिल्ला छान झाली. बाहेर बोंबा, आत करकरे. एका क्षणी तर हामानाचं नाव वाचलं गेलं आणि रस्त्यावर त्याच वेळी ढोल वाजला. वाचणाऱ्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबावं लागलं. आमच्यात आता माणसं थोडी, पण मुलं अकरा होती. मी मोजली. तीन एस्तेर, दोन पोलीस, एक विठोबा.

आज धुळवड, पुरीमचा दिवस आणि संध्याकाळी शब्बाथ, सगळं एकदम. मेजवानी सकाळीच उरकली, म्हणजे रात्री शब्बाथच्या जेवणाला भूक राहील. ताटं पोचवायला मी आणि नात निघालो. आजीच्या सहा ताटांतली दोन माझ्याकडे आहेत. तिसऱ्या मजल्यावर एक सेवानिवृत्त शिक्षिका एकट्या राहतात, आधी तिथे. नातीने "मैत्रीण वाटेत आहे" म्हटलं आणि मला हसूच आलं. जिन्यात पोरांनी रंग उडवला, रुमाल गुलाबी झाला. बाईंनी ताट घेतलं, आत गेल्या, आणि आमच्या देखत त्यात तीन करंज्या आणि एक नारळ ठेवून परत दिलं.

रुमाल भिजवून ठेवलाय. डाग जाईल असं वाटत नाही.

---

कुलाबाकिल्ला | १४ मार्च, संध्याकाळी ५.१५

नारळ! आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, डाग काढू नका.

---

डोंगरावरचं_घर | १४ मार्च, संध्याकाळी ७.२०

इकडे अजून ऊन आहे. सकाळी मेगिल्ला ऐकून आले. गल्लीच्या कोपऱ्यावर एक म्हातारी बसते, तिचा वाटा तिला दिला. तिने नाव विचारलं, गाव विचारलं. 'होदू' म्हटल्यावर मेगिल्लाची पहिली ओळ तिने मला म्हणून दाखवली, पाठ, डोळे मिटून.

पुरण शिजवून झाकून ठेवलंय, त्रिकोण रविवारी. नातू सोंग उतरवायला तयार नाही, मुखवटा लावूनच जेवायला बसणार म्हणतो. आता थांबते, दिवे लावायची वेळ होत आली.